गुडघे टेकण्यासाठी

आईच्या मोडक्या पायात रॉड बसला तर सगळ्यांत जास्त फायदा लेकीचा होता, आणि लेकीनं तो तीन दिवसांत मनाशी नीट मांडून ठेवला होता. तिला पाचवा महिना लागला होता. रॉड टाकला की दुसऱ्या दिवशी वॉकर, सहा आठवड्यांत काठी, तीन महिन्यांत काठीही कोपऱ्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे बाळ येईपर्यंत आई स्वतःच्या पायांवर. त्याच डॉक्टरांनी जाता जाता, पावतीच्या मागे बारीक अक्षरात काही छापलेलं असतं तशा आवाजात, आणखी एक सांगितलं होतं: रॉड गुडघ्यातून आत जातो, त्यामुळे काहींना पुढे गुडघ्यावर बसताना दुखतं. लेकीनं हे नुकसानीत धरलं नाही. जिला चालता येतं पण गुडघ्यांवर बसता येत नाही अशी आई म्हणजे घरी राहणारी आई. बाळाला आजी आणि आपल्याला ऑफिस. लेक वाईट नव्हती, फक्त तिची बेरीज पक्की होती.

आई फरश्या बसवायची. सव्वीस वर्षं. नवरा गवंडी होता. आधी त्याची पाठ गेली, मग तोही गेला, आणि थापी, रबरी हातोडी, काटकोन बघायचा गुण्या नि लेव्हलची पट्टी एवढं बायकोकडे राहिलं. कामावर तिला लेव्हलबाई म्हणत, कारण कुणाच्याही घरात शिरली की ती आधी जमिनीकडे बघायची आणि मग माणसांकडे. दिवसाचे आठ तास ती गुडघ्यांवर असे. जुन्या टायरच्या रबराचे दोन तुकडे तिनं स्वतः कापून पट्टे लावून घेतले होते, आणि त्यांच्या आतली कातडी रबराहून फारशी मऊ राहिली नव्हती.

उतारावर टाइलच्या खोक्यांची हातगाडी कलंडली आणि अकरा खोकी तिच्या डाव्या पायावर आली. नडगी मध्यावर तिरकी मोडली. टाइल एकही फुटली नाही, हे तिनं अॅम्ब्युलन्समध्ये दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

पाय सुजून टम्म झाला होता, पुढच्या बाजूला पाण्याचे फोड आले होते, म्हणून ऑपरेशन शुक्रवारवर गेलं. मंगळवारी सकाळी मोठे सर राउंडला आले. हाडांच्या विभागात त्यांचा हात हलका म्हणून नाव होतं. एक्स-रे खिडकीकडे धरून ते म्हणाले, "मावशी, शुक्रवारी पहिला नंबर तुमचा. एक रॉड, एक तास. पाय मोडला होता हे दिवाणावर बसून आठवावं लागेल."

"आपण दोघं एका वयाचे दिसतो," लेव्हलबाई म्हणाली. "मावशी कुठून झाले?"

सरांनी फाइलवर वय बघितलं. चोपन्न. ते त्रेपन्नचे होते. "बरं, बाई."

"रॉड कुठून घालता?"

सरांनी पेनानं स्वतःच्याच गुडघ्यावर दाखवलं. "इथून. वाटीच्या खाली जो पट्टा लागतो, तो जरा बाजूला करायचा, हाडाच्या टोकाला भोक पाडायचं, आणि तिथून सरळ खाली."

"म्हणजे मी ज्याच्यावर टेकते तिथूनच."

"वाटीच्या वरूनही घालता येतो. नवी पद्धत आहे. त्यात कमी दुखतं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"अभ्यास झालेत."

"तुम्ही स्वतः किती रॉड घातले आजवर?"

"सहाशेच्या वर असतील," सर म्हणाले. हा आकडा सांगताना ते नेहमी छताकडे बघत, जणू तो तिथे लिहिलेला आहे.

"त्यातले टेकतात किती?"

"काय टेकतात?"

"गुडघे."

मागे उभ्या सिस्टरनं फाइल उगाच उलटीसुलटी केली. सर म्हणाले, "सगळे चालतात."

"ते नाही विचारलं."

विभागात एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात रॉड घातलेल्या प्रत्येकाची एक ओळ होती: हाड जुळलं का, चालतो का, काठी लागते का, कामावर गेला का. टेकतो का, असा रकाना नव्हता. तो रजिस्टर आखणारा माणूस खुर्चीवर बसून काम करणारा असणार, एवढं त्यावरून निश्चित सांगता येत होतं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत लेक आली, पलंगाच्या कडेला टेकली आणि हळूच म्हणाली, "तू त्यांना उलटसुलट विचारलंस म्हणे."

"सरळच विचारलं."

"आई, तुला आता परत कशाला जायचंय? चोपन्न पूर्ण झाली. लोक म्हणतात, काहीही होवो, गुडघे टेकणार नाही. आणि तू टेकायला मिळावेत म्हणून भांडतेस."

"तुझ्या बाबांनी आयुष्यात कुणापुढे गुडघे टेकले नाहीत. फार अभिमान होता त्यांना. मी टेकले म्हणून तुझी फी भरली गेली."

"आता फी नाहीये कुणाची."

"मग आता माझ्या मर्जीनं टेकेन. आजवर ते कधी जमलंच नव्हतं."

लेकीचा हिशोब मात्र काही बदलला नाही. सरांच्या बाजूनं सहाशे माणसं होती. आईच्या बाजूनं दोन गुडघे.

गुरुवारी फेरतपासणीची ओपीडी असे. ऑपरेशन होऊन महिने, वर्षं झालेली माणसं त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या लांब पॅसेजमध्ये बाकांवर बसत. लेव्हलबाईनं सकाळीच वॉर्डमामाला गाठलं. त्याच्या घरी न्हाणीतलं पाणी बाहेरच्या खोलीत येत होतं, हे तिनं आदल्या दिवशी त्याच्याकडून काढून घेतलं होतं. उंबऱ्याशी किती उतार द्यायचा आणि कुठली फरशी उचलायची हे तिनं त्याला बोटभर कागदावर काढून दिलं. बदल्यात मामानं तिला व्हीलचेअरवर बसवलं, मोडका पाय प्लॅस्टरच्या स्लॅबसकट पुढच्या फळीवर आडवा ठेवला आणि पॅसेजमध्ये आणून लावलं.

तिनं आधी बाकावरच्या एकाची काठी मागून घेऊन खालची फरशी ठोकून बघितली. पोकळ वाजली. "हे सरकारी काम," ती स्वतःशी म्हणाली, आणि मग पहिल्या बाकाकडे वळली. "दादा, तुमच्या पायात रॉड आहे का?"

"आहे की. दीड वर्ष झालं."

"गुडघ्यावर बसून दाखवता?"

रांगेत बसलेल्या माणसाला करमणूक हवीच असते. शिवाय सर यायला अजून तास होता. माणूस उठला, पँट सावरली आणि खाली बसला. "वीस आकडे म्हणेपर्यंत," लेव्हलबाई म्हणाली आणि मोजू लागली. सातावर त्याचा ऑपरेशनचा गुडघा अलगद वर आला. त्यानं पुन्हा टेकवला. अकरावर पुन्हा वर आला.

"दुखतं का?"

"दुखतं असं नाही. काहीतरी टोचतं. मला कुठे टेकायचंय म्हणा, मी ट्रक चालवतो."

तेवढ्यात लेक पोचली. आईचे धुतलेले कपडे द्यायला अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. पॅसेजमध्ये एक अनोळखी गृहस्थ आईसमोर गुडघ्यांवर आणि आई त्याच्या डोक्यावरून आकडे मोजतेय, हे बघून ती दारातच थांबली.

"बरी आलीस," आई म्हणाली. "पेन काढ. लिही. पहिला, दुखतं, पण चालवतो."

"आई, हे काय..."

"लिही आधी. विसरायला होतं."

तपासणीच्या रिपोर्टचं एक पाकीट होतं, त्याच्या मागे लेकीनं लिहायला सुरुवात केली. सवयीनं तिनं तीन रकाने आखले. दुसरी बाई शाळेत साफसफाई करणारी. टेकायलाच नाही म्हणाली. "मी आता उभ्यानंच पुसते. लांब दांडा घेतला." तिसरा पोस्टातला, वीस आकडे बसला आणि वर त्यानंच विचारलं, "अजून बसू?" चौथा वजनदार होता. तो बसला खरा, पण त्याला उठता येईना. मामानं आणि बायकोनं मिळून उभा केला. बायको म्हणाली, "माझ्यापुढे कधी टेकला नाही, इथे बरा टेकला." सगळा पॅसेज हसला आणि मग पुढचे स्वतःहून पुढे यायला लागले. कुणी मोजायला मदत करू लागलं. एकाला रॉड मांडीत होता, त्याला लेव्हलबाईनं बाद केलं, तर तो नाराज झाला.

अकरा झाले. लेकीनं पाकिटाच्या मागे बेरीज केली आणि ती आईला दाखवण्याआधी स्वतः दोनदा बघितली. तिघांना काही नाही. दोघांनी टेकायला नकार दिला. सहा जणांना दुखलं. त्यातल्या चौघांनी वीस व्हायच्या आत भार दुसऱ्या पायावर टाकला. गेले तीन दिवस तिच्या मनातल्या हिशोबात हा आकडा जमेच्या बाजूला होता.

"हे काय चाललंय?" सर आले होते. त्यांच्या समोर बारावा माणूस नुकताच खाली बसत होता.

"तुमच्या रजिस्टरात एक रकाना राहिलाय," लेव्हलबाई म्हणाली. "तो भरतोय."

सर चिडायच्या बेतात होते. पण त्यांनी पाकीट हातात घेतलं, आणि आकडा बघितला की माणूस त्यात अडकतो. "अकरा माणसांवरून काही ठरत नाही, बाई."

"बाकीची सहाशे तुमच्याकडे आहेत. बोलवा."

"हा ट्रकवाला तीन महिन्यांत कामावर गेला. त्याच्या मुलांना विचारा रॉड चांगला की वाईट."

"त्याला चांगलाच. तो बसून काम करतो. मला त्याचा पाय नाही बसवायचा."

सरांनी पाकीट खिशात घातलं. "ओपीडी झाली की माझ्या खोलीत या. दोघी."

खोलीत टेबलावर त्यांनी एक स्टीलची रिंग ठेवली, ताटाएवढी, काठाला भोकं भोकं. "रॉड नको असेल तर काय काय उरतं ते सांगतो. प्लॅस्टर: मांडीपासून खाली, तीन-चार महिने, त्यात हाड सरकणार आणि गुडघाही आखडणार. पट्टी आणि स्क्रू: त्यासाठी नडगीवरची कातडी उघडावी लागते, आणि तिथे फोड आहेत, उघडली तर मिटेलच असं नाही. उरली ही. अशा चार रिंगा पायाभोवती, आणि हाडातून आरपार जाणाऱ्या सात तारा. गुडघ्याला धक्का लागत नाही. सात महिने."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"कारण मला रिंग येते, पण आवडत नाही," सर म्हणाले. त्यांच्या सगळ्या बोलण्यात लेव्हलबाईला हे पहिलं वाक्य पटलं. "रॉडचा पेशंट तीनदा भेटतो. रिंगचा म्हणजे सात महिन्यांचा संसार. पहिल्या महिन्यात शिव्या देतात, तिसऱ्यात रडतात, पाचव्यात म्हणतात काढा नाहीतर आम्ही करवत आणतो."

"आणि सातव्यात?"

"सातव्यात न सांगता निघून जातात." त्यांनी रिंग फिरवली. "तारांच्या भोकांतून पू येतो. ताप येतो. आणि एवढं करून हाड जुळलंच नाही, तर शेवटी रॉडच. त्यातून भोकांतले जंतू आत गेले असतील तर तो रॉड पहिल्या दिवसाच्या रॉडपेक्षा धोक्याचा. पाय जाऊ शकतो, हे मी स्पष्ट सांगतोय. आणि रिंग लावली म्हणून गुडघा अजिबात दुखणार नाही, अशी हमी मी देत नाही."

"रॉडची देता?"

"चालण्याची देतो. जवळजवळ."

"मी चालत फरशी बसवत नाही."

सर लेकीकडे वळले. बहुतेक घरांत इथे मुलंबाळं त्यांच्या मदतीला येत. "आणि एक. रोज सकाळी चौदा भोकं साफ करायची. सात मागच्या, बाहेरच्या अंगाला, तिथे पेशंटला स्वतःला दिसत नाही. घरात करणारं माणूस हवं. त्याचं नाव फॉर्मवर लिहिल्याशिवाय मी रिंग लावत नाही."

"माझं नाव लिहू नका," लेक म्हणाली.

लेव्हलबाई म्हणाली, "सर, पाच मिनिटं द्या."

पॅसेज आता रिकामा होता. आईनं व्हीलचेअर भिंतीला लावून घेतली, लेक बाकावर बसली.

"तुला मी घरी हवी होते," आई म्हणाली.

"हो."

"दुखऱ्या गुडघ्याची."

लेक जमिनीकडे बघत राहिली. "दुखावं असं नव्हतं वाटत. पण दुखलं तर चालणार होतं."

"कळलं होतं मला. हिशोब कुठे शिकलीस ते माहितीये की." आईच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. "पण एक बाजू लिहायची राहिली तुझी. मी दिवसभर तुझ्या घरात. उभी. तुझ्या न्हाणीचा उतार उलटा आहे."

"दहा वेळा सांगितलंयस."

"तेव्हा मी महिन्यातून एकदा येत होते. स्वयंपाकघरात ओट्याखालची तिसरी फरशी खचलीये. दिवाणखान्यात सांधे एकसारखे नाहीत, दारापासून खिडकीपर्यंत बोटभर फरक. हे मी रोज बघणार, आणि खाली बसून नीट करता येणार नाही. फक्त बोलता येईल. वर्षभर मला ताप आला होता, तुझ्याकडे राहिले होते तेव्हा..."

"तीन आठवडे आला होता."

"तीन आठवड्यांत काय झालं होतं?"

तीन आठवड्यांत जावई रोज तासभर उशिरा घरी येऊ लागला होता, आणि शेवटच्या आठवड्यात लेकीनं आईशी लेखी चिठ्ठ्यांनी बोलायला सुरुवात केली होती. लेकीला ते आठवलं. ओठ मिटले तरी हसू सुटलंच.

"तू ब्लॅकमेल करतेयस."

"मी बाकी दाखवतेय."

लेकीनं पोटावरून हात फिरवला आणि ताठ बसली, आणि त्या बसण्यात कुणालाही आई दिसली असती. "ठीक. मी भोकं साफ करेन. सात महिने. पण बाळ झालं की चौथ्या महिन्यात मी ऑफिसला. बाळ पाळणाघरात. तू टेकायला, मी टेबलाला. आणि पाळणाघराबद्दल तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"पाळणाघरात पोरांना..."

"एक अक्षर नाही."

लेव्हलबाईनं तोंड उघडलं, मिटलं. पाय मोडल्यापासून तिला इतकं दुखलेलं कुणी बघितलं नव्हतं. "कबूल."

फॉर्मवर नाव लिहिलं गेलं. सहीच्या वर मोकळी जागा होती, तिथे लेव्हलबाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गुडघ्यातून काहीही घालू नये.' सरांनी पेन घेऊन पुढे 'शक्यतो' जोडलं. तिनं 'शक्यतो' खोडलं आणि शेजारी आद्याक्षर केलं. सर म्हणाले, "बाई, ऑपरेशनच्या टेबलावर काय होईल ते मला आज माहीत नाही."

"मग जे माहीत नाही तेवढंच लिहा."

त्यांनी विचार करून लिहिलं, 'जिवाला धोका असल्याशिवाय.' हे तिनं दोनदा वाचलं आणि राहू दिलं.

शुक्रवारी रिंगा लागल्या. त्या पायानं ती दारातून आडवी जाई, चादर अडके, झोप फक्त पाठीवर. लेकीच्या घरी बाहेरच्या खोलीत तिचा पलंग टाकला होता. लेक रोज सकाळी ऑफिसच्या आधी हात धुऊन बसे, उकळलेल्या पाण्यात मीठ, कापसाचे बोळे, प्रत्येक भोकाला वेगळा बोळा. पोट जसं वाढलं तसं तिला वाकता येईना. मग ती खाली चौरंगावर बसू लागली आणि आईचा पाय खुर्चीवर. दोघी या वेळात फारशा बोलत नसत. बोलल्या तर भांडत, आणि भांडताना लेकीचा हात हलू शके, म्हणून आईच आवरतं घेई.

दर गुरुवारी सर. सातव्या आठवड्यात तिनं त्यांना ठरल्याप्रमाणे शिव्या दिल्या, थोड्या उशिरा. अकराव्या आठवड्यात ताप आला. मागच्या बाजूची एक तार सैल झाली, भोवती लाल, पू. सरांनी ती काढली, दुसरी घातली, सहा दिवस इंजेक्शनं दिली. "अजून एक अशी गेली तर मला वेगळा विचार करावा लागेल," ते म्हणाले. वेगळा विचार म्हणजे काय हे तिनं विचारलं नाही. तिला कळलं होतं.

सतराव्या आठवड्यात बाळ झालं. मुलगी. लेक दवाखान्यात होती त्या आठ सकाळी जावयानं बोळे फिरवले, रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून, मान एका बाजूला करून. नवव्या दिवशी लेक घरी आली आणि तिनं भोकं बघून नवऱ्याला विचारलं, "तू डोळे उघडे ठेवले होतेस का?" त्यानं खरं सांगितलं. नंतर ते काम पुन्हा तिच्याकडेच आलं.

एकविसाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाड जुळायचं नाव काढत नव्हतं. सर म्हणाले, अजून बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाळ आत रडत असताना आणि लेक तिसऱ्या भोकाशी असताना, लेव्हलबाई खिडकीकडे बघत म्हणाली, "रॉडच टाकायला हवा होता का गं?"

लेकीचा हात थांबला. रात्रभर ती जागीच होती, केस विंचरलेले नव्हते, अंगावर दुधाचे डाग होते. "हे आता बोललीस," ती सावकाश म्हणाली, "परत बोलायचं नाही. एकशे चाळीस सकाळी मी खाली बसलेय. सरांनी म्हणावं, डॉक्टर आहेत. शेजारणीनं म्हणावं, तिला काही कळत नाही. तू म्हणायचं नाहीस. पाय खाली घे, मागचं दिसत नाहीये."

लेव्हलबाईनं पाय खाली घेतला. आत बाळ रडतच होतं. लेकीनं चौदाही भोकं पूर्ण केली आणि मग आत गेली.

सव्विसाव्या आठवड्यात एक्स-रेत हाड जुळत असल्याची पांढरी रेघ दिसली, एकोणतिसाव्यात रिंगा निघाल्या. त्यानंतर दोन महिने पायाला पट्टा आणि व्यायाम. सरांनी रजिस्टरात एक नवा रकाना हातानं आखला होता, जुन्या ओळींत तो कोरा होता. आता नडगी मोडलेला कुणीही आला की ते आधी विचारत, काम बसून, उभ्यानं की गुडघ्यावर? बहुतेकांना ते अजूनही रॉडच घालत, आणि बहुतेक ते बरोबरही असे. पण प्रत्येक पेशंटमागे दहा मिनिटं जास्त जात आणि त्याबद्दल ते सगळ्यांकडे कुरकुर करत.

वर्षाला थोडे दिवस कमी असताना लेव्हलबाईनं पहिलं काम घेतलं, एका दुकानाची जमीन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसमधून येताना लेक तिथे थांबली. पाळणाघरातून घेतलेली मुलगी खांद्यावर झोपली होती, तिच्या गालावर कसलातरी शाईचा ठिपका होता. लेव्हलबाईनं ठिपका बघितला आणि काहीही विचारलं नाही. ती दोन्ही गुडघ्यांवर होती. समोर चार रांगा बसलेल्या, पाचवी अर्धी.

"दुखतंय का?"

"डाव्यात जरा. पण ते आधीचंच आहे. सव्वीस वर्षांचं."

लेक उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, ओल्या कामावर पाय पडू नये म्हणून. "सर जिंकले असते तर मी आज ऑफिसातून सरळ घरी असते," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती नोंद केली तिनं.

"माझेही दिवस गेले की. अख्खं वर्ष गेलं. पाय दिला मी."

"पाय तुझाच होता. परत मिळाला."

लेव्हलबाईनं थापी खाली ठेवली. काहीतरी टोला द्यायला तिनं मान वर केली. लेक दिवसभर खुर्चीत बसून पाठीतून वाकली होती, एका खांद्यावर मूल, दुसऱ्यावर दोन पिशव्या. "मग जे द्यायचं ते तूच दिलंस," लेव्हलबाई म्हणाली.

"मीच."

"पश्चात्ताप होतो?"

"रोज सकाळी सहाला होतो. साडेसहाला जातो." लेकीनं पिशवी सावरली. "ती कोपऱ्यातली बघ, वर आलीये."

"माहितीये. हात लागायचाय तिला अजून."

तर शेवटची बेरीज अशी. सरांचे एकोणतीस गुरुवार आणि दर पेशंटमागे दहा मिनिटं. जावयाच्या आठ सकाळी, अर्धे डोळे मिटून. लेव्हलबाईचं एक वर्ष, एक ताप, आणि पाळणाघराबद्दलचं सगळं बोलणं. उरलेल्या एकशे पंच्याण्णव सकाळी, चौदा भोकं दर सकाळी, आधी पोट सांभाळत आणि नंतर आतल्या रडण्याकडे कान देत: या लेकीनं भरल्या. दोन्ही गुडघे आईला मिळाले.